मापाचा चेहरा

दोघा भावांचा स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली. दाराबाहेर तशी पाटी आहे म्हणून तिला स्टुडिओ म्हणायचं. आत दोन-तीन ट्रायपॉड, दिव्यांवर लावायच्या पांढऱ्या छत्र्या, त्यांच्यातच टेकवून ठेवलेली एक पावसाची छत्री, इस्त्रीचं टेबल आणि वायरींचा एक गुंता. यातली कुठली वायर कुठे जाते हे फक्त धाकट्याला माहीत आहे, असं धाकटा सांगतो. अधूनमधून तोही एखादी वायर उपटतो आणि घरातलं काय बंद पडतं ते कान देऊन ऐकतो.

थोरला भाऊ कॅमेरा धरतो. त्याला सगळे दादा म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. धाकटा आवाज, दिवे आणि चित्रण झाल्यावरची कापाकापी बघतो. त्याचे कल्ले पांढरे झाले तरी त्याला धाकटाच म्हणतात, कारण दादा अजून आहे. दादाच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते. ती फोन घेते, तारखा लावते, तक्रारी ऐकून घेते आणि खुर्चीत बसते.

हे खुर्चीत बसणं जरा समजावून सांगायला हवं.

चित्रणाच्या धंद्यातल्या कॅमेऱ्याच्या पोटात सेटिंग असतात, आणि ती संपता संपत नाहीत. समोरचं जग आहे तसं दाखवणं हे कॅमेऱ्याचं काम, असा आपला भाबडा समज. कॅमेरा बनवणाऱ्यांचा तसा काही समज नसतो. ते अदबीने विचारतात, जग तुम्हाला कसं हवंय? सावल्या गडद हव्यात की नरम? कडा धारदार हव्यात की बोथट? लाल किती घरं वर, हिरवा किती घरं खाली? उत्तरं देता देता माणूस दमतो आणि शेवटी सगळं होतं तसं ठेवून चहा प्यायला जातो. बाकीच्या स्टुडिओंत यासाठी एक रंगतक्ता असतो. जाड पुठ्ठा, त्यावर रंगीत चौकोन. तो कॅमेऱ्यापुढे धरायचा, मॉनिटरवर बघायचं, चौकोन जिथल्या तिथे आले की सेटिंग झालं. या घरातही तक्ता होता. खिडकीचं दार वाऱ्याने खडखडायचं, ते खडखडू नये म्हणून तो फटीत खोचलेला होता. दादाचं म्हणणं, आपण काही चौकोनांचं चित्रण करत नाही. माणसांचं करतो. माप माणसाचंच पाहिजे.

ते माप म्हणजे वहिनी. कॅमेरा कामावर निघायच्या आधी ती खिडकीशेजारच्या खुर्चीत बसायची. मागे पांढरी भिंत. दादा आधी भिंत दाखवून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते शिकवायचा, मग मेन्यूत शिरून रंगांची बटणं एकेक घर फिरवत राहायचा, वहिनीचा चेहरा मॉनिटरवर पाहिजे तसा येईपर्यंत. तोवर तिचे वाटाणे सोलून व्हायचे. "झालं," दादा म्हणायचा, आणि कॅमेरा पिशवीत जायचा. त्यानंतर रंगांना कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. धाकट्याने कापाकापी करताना थोडा रंग सुधारू का म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं होतं. नंतर रंग फासायचा असेल तर रंगाऱ्याला बोलाव, कॅमेरामन कशाला पाहिजे?

या पद्धतीचा उगम शास्त्रीय होता. पुष्कळ वर्षांपूर्वी दादा एका बक्षीस समारंभाचं चित्रण करायला गेला होता. हॉलभर जुन्या ट्यूबलाइटी, सगळे चेहरे शेवाळ धरल्यासारखे हिरवे. तिसऱ्या रांगेत एकच चेहरा बरोबर आला. दादाने घरी येऊन ती फीत उलटसुलट फिरवून पाहिली. दर वेळी तोच चेहरा बरोबर. असा पुरावा पुन्हा मिळेल न मिळेल, म्हणून त्याने तिच्याशी लग्न केलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी वहिनीच्या अंगातलं रक्त हळूहळू कमी होत चाललं होतं. हे आधीच सांगून टाकतो. घरातल्यांना ते कळायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ तुम्हालाही अंधारात ठेवण्यात काही हशील नाही. तिची कंबर दुखायची. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून ती गोळ्या आणायची आणि श्रीखंडाच्या गोळ्यांसारख्या, येता-जाता, रिकाम्या पोटी खायची. त्या गोळ्यांनी कंबर गप्प बसवली आणि पोटात आपलं काम सुरू केलं. बाहेरून दिसणारं एवढंच होतं, की जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायला लागली. थांबायला कारण लागतं, म्हणून तिथल्या शेजारणीशी तिने मैत्री केली. त्या शेजारणीचं आणि तिचं त्याआधी कधी पटलं नव्हतं.

एकदा तिने दादाला विचारलं, मी जरा उतरलेली दिसते का हो. दादा असल्या प्रश्नाला तोंडाला येईल ते उत्तर देणारा नवरा नव्हता. त्याने तिला खुर्चीत बसवलं, कॅमेरा लावला, मॉनिटर सुरू केला. चेहरा खरंच जरा पडलेला आला. दादाने लाल एक घर वर नेला. मग अजून अर्धं.

"छान तर दिसतेयस," तो म्हणाला.

वहिनीने मान वळवून बघितलं. खरंच छान दिसत होती. न्हाणीघरातला आरसा गेले काही महिने वेगळंच सांगत होता, पण त्या आरशाचा एक कोपरा काळा पडलेला होता आणि वरचा बल्बही मंद. मॉनिटर मात्र व्यावसायिक होता. तिने मॉनिटरचं ऐकलं, एक गोळी घेतली आणि फोन उचलायला गेली.

असं त्या वर्षात बरेचदा झालं. दर वेळी अर्धं घर, एक घर. रोज बघणाऱ्याला अर्ध्या घराचा फरक दिसत नाही. भिंत पांढरीच राहत होती, वहिनी वहिनीसारखीच येत होती. त्याच कॅमेऱ्यासमोर बाहेर जे लोक येत ते मात्र जरा जास्त तजेलदार निघत. एका निवृत्तीच्या समारंभात निवृत्त होणारा गृहस्थ इतका टवटवीत आला, की त्याला का घरी बसवताहेत हेच बघणाऱ्याला कळेना. गिऱ्हाइकं खूश होती. आपण आहोत त्यापेक्षा बरे दिसलो अशी तक्रार सहसा कुणी करत नाही.

तक्रार केली ती दारूबंदी प्रचार मंडळाने.

मंडळाच्या वार्षिक सभेचं चित्रण भावांनी केलं होतं. चित्रफीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. तो वहिनीने घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि जेवताना दोघा भावांना सांगितलं. ती चित्रफीत अध्यक्षांनी घरी सगळ्यांना बसवून दाखवली होती. ती संपल्यावर त्यांच्या बायकोने शांतपणे विचारलं, की सभेच्या आधी तुम्ही सगळे कुठे गेला होतात. अध्यक्षांना आता मंडळाच्या पुढच्या बैठकीत ती लावायची हिंमत होत नव्हती.

दोन दिवसांनी अध्यक्ष स्वतःच आले. सडपातळ, इस्त्रीच्या घडीतले गृहस्थ. त्यांनी मॉनिटरवर सभा लावायला लावली. वक्त्यांचे गाल तांबडेलाल, डोळे तांबारलेले, आणि खजिनदारांचं नाक तर अंधारात वाट दाखवील असं. ते नाक व्यसनाचे दुष्परिणाम मोठ्या कळवळ्याने सांगत होतं. बघता बघता अध्यक्ष संतापाने लाल झाले. दादा पडद्यावरचे अध्यक्ष आणि समोरचे अध्यक्ष आळीपाळीने निरखत होता.

"बघा ना," तो म्हणाला, "काही फरक नाही."

धाकट्याने अध्यक्षांना पाणी दिलं, पुन्हा चित्रण करून देतो म्हणून कबूल केलं आणि ते गेल्यावर दादाला गाठलं. तो बरेच दिवस अशा संधीच्या शोधात होता. त्याचं म्हणणं, कॅमेरा म्हातारा झालाय. त्याला आता रंग कळत नाहीत. बाजारात नवे आलेत, अंधारातही स्वच्छ दिसणारे, वजनाला निम्मे. दादाचं म्हणणं, वजनाला निम्मा कॅमेरा खांद्यावर हलतो, आणि अंधारात दिसायला पाहिजेच असं काय आहे, अंधार कशासाठी असतो? शेवटी ठरलं, की विक्रेत्याकडून नवा कॅमेरा काही दिवस वापरून बघायला आणायचा आणि दोघांची तुलना करायची. दादाची अट, तुलना आपल्या खुर्चीत होईल. धाकट्याची अट, नव्या कॅमेऱ्याचं कारखान्यातलं सेटिंग बदलायचं नाही. तो जसा आहे तसा बघायचा.

नवा कॅमेरा खोक्यातून आला तो फोमच्या गाद्यांत लपेटून. बरोबर पुस्तिका इतकी जाड, की ती वाचायला सुट्टी घ्यावी लागेल. वहिनीने त्याचं नाव लगेच जावई ठेवलं. चार दिवसांसाठी आलेला, सांभाळून हात लावायचा, आणि येतानाच घरातल्या सगळ्यांत खोट काढायच्या तयारीत. जुन्याला मग ओघानेच सासरा म्हणायला लागले.

पहिले एक-दोन दिवस नुसती खडाखडी चालली. दोघे भाऊ दोन्ही कॅमेरे खिडकीत लावून रस्ता बघत बसले. जावई समोरच्या इमारतीवरची प्रत्येक वीट सुटी दाखवायचा. सासरा सगळी भिंत मिळून एक दाखवायचा. दादा म्हणाला, मला विटा मोजायच्या नाहीत. उन्हातला पांढरा शर्ट सासऱ्यात जळून नुसता उजेड व्हायचा, जावयात शर्टाच्या घड्याही दिसायच्या. दादा म्हणाला, घड्या काय बघायच्यात, त्याची बायको बघून घेईल. धाकटा टिपणं काढत होता. दादाचा एकेक शेरा ऐकून त्याने शेवटी टिपणं काढणं सोडलं.

मग वहिनीला खुर्चीत बसवायची वेळ आली, आणि नेमके त्याच वेळी अध्यक्ष दार वाजवून आत आले. पुन्हा चित्रण होणार होतं, पण आधी कॅमेरा दाखवा, अशी त्यांची मागणी होती. फसलेला माणूस असतो तसे ते सावध होते. त्यांना भिंतीकडेला एका स्टुलावर बसवलं आणि कामाला सुरुवात झाली.

दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी उभे. दोघांपुढे एकेक मॉनिटर. दादा आणि धाकटा मॉनिटरांत डोकं खुपसून. वहिनी मांडीवर वाटाण्यांची परात घेऊन. ती नुकतीच जिना चढून आली होती आणि बोलत नव्हती. ती दम खातेय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सासऱ्यात ती नेहमीसारखी आली. छान.

जावयात ती भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राच्या रंगाची आली. ओठ कुठे सुरू होतात ते शोधावं लागत होतं.

दादाने जावयाच्या मॉनिटरची काच पुसली. मग स्वतःचा चष्मा पुसला. मग तो धाकट्याला म्हणाला, की तुझ्या जावयाची तब्येत बरी दिसत नाही. वहिनीने मॉनिटरकडे वाकून बघितलं.

"ही बाई कोण?" ती म्हणाली. "तुमच्या आत्याबाईंसारखी दिसतेय."

दादाची आत्या वारून बरीच वर्षं झाली होती.

धाकट्याला वाद अर्धवट सोडायचा नव्हता. त्याने खिडकीतला रंगतक्ता ओढून काढला. खिडकी खडखडायला लागली. त्याने तक्त्यावरची धूळ झटकली आणि तो वहिनीच्या हातात दिला. तिने तो हनुवटीखाली धरला, पोलिसांनी पकडलेल्या माणसाने पाटी धरावी तसा. जावयात चौकोन चोख आले. लाल तो लाल, निळा तो निळा, आणि कातडीच्या रंगाचा एक चौकोन असतो तो कातडीसारखा. सासऱ्यात तो चौकोन भट्टीतून आत्ताच काढलेल्या विटेसारखा आला.

तक्ता उन्हाने उडालाय, दादा म्हणाला. खिडकीत राहून राहून दुसरं काय होणार.

उडालेला रंग फिका होईल, वीट कशी होईल, धाकटा म्हणाला. आणि वहिनीला उठवून तो स्वतःच खुर्चीत बसला. सासऱ्यात तो चार पेले झाल्यासारखा आला, जावयात त्याच्यासारखा. मग त्याने दादाला बसवलं. सासऱ्यात दादा सहा पेल्यांचा, जावयात दादासारखा. अध्यक्ष हे सगळं स्टुलाच्या कडेवर येऊन बघत होते. त्यांनी न बोलावताच खुर्ची घेतली. सासऱ्यात ते पुन्हा तसेच तर्र. जावयात मात्र सभ्य, सडपातळ, कोरडे गृहस्थ. जावई त्यांना इतका आवडला, की हा कॅमेरा सज्जन आहे, आमचं चित्रण याच्यावरच करा, असं त्यांनी सांगून टाकलं.

धाकट्याने दादाकडे बघितलं. दादाला हरायचं दुःख नव्हतं. त्याला हिशोब लागत नव्हता. त्याने वहिनीला परत खुर्चीत बसवलं, हातात तक्ता दिला, आणि दोन्ही मॉनिटरांसमोर वाकून उभा राहिला.

"सगळे बरोबर येतात," तो म्हणाला, "आणि हीच एक चुकीची येते. असा कुठला कॅमेरा असतो?"

धाकट्याने दोन्ही मॉनिटरांच्या वायरी चाचपून बघितल्या. तोही वाकला. दोघांची पाठ खुर्चीकडे, कारण खिडकीचा उजेड मॉनिटरांवर पडू नये म्हणून ते मध्ये आडवे उभे होते. खोलीत वहिनीकडे तोंड करून बसलेला एकच माणूस होता, आणि त्याला सेटिंगमधलं काही कळत नव्हतं.

"अहो, पण त्या तशाच आहेत," अध्यक्ष म्हणाले.

दोघे भाऊ मॉनिटरातच बघत राहिले.

"तिकडे कशाला शोधताय? त्या इथे बसल्यायत की."

दादा वळला. खिडकीचा उजेड वहिनीवर नेहमीसारखा पडला होता, आणि मध्ये काच नव्हती, मेन्यू नव्हता, फिरवायला बटण नव्हतं. तक्ता धरलेल्या बोटांची नखं मागच्या भिंतीइतकी पांढरी होती. ओठांचा रंग चेहऱ्यात मिसळून गेला होता. मान जरा एका बाजूला टेकलेली. ही बाई मघाशी जिना चढून आली होती आणि अजून तिचा श्वास बसला नव्हता. दादा तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातला तक्ता काढून घेतला. तक्त्याला वजन असं काही नव्हतं, पण तो काढल्यावर तिचे हात मांडीवर पडले.

मग तो सासऱ्यापाशी परत आला. मेन्यू उघडला. लाल किती घरं वर आहे ते त्याला माहीतच होतं. तरी त्याने बघितलं. एकेक घर त्याने स्वतः चढवलं होतं. हे त्या निवृत्तीच्या समारंभाच्या आधीचं, हे शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आधीचं, हे ती उतरलेली दिसते का विचारत आली तेव्हाचं, आणि वर अर्धं.

"मी वाढवत होतो," तो म्हणाला.

धाकट्याने मॉनिटर बंद केला. अध्यक्ष उठले. आपली गाडी खाली उभी आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. खिडकी खडखडत राहिली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कसलंही यंत्र काढलं नाही. अंगठ्याने वहिनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत बघितलं आणि सोडून दिली. तेवढ्यात त्यांना जे कळलं ते या घरात दोन कॅमेऱ्यांना मिळून कळलं नव्हतं. त्यांनी गोळ्यांची चौकशी केली, जिन्याची केली, आणि मग दादाकडे वळल्या. हे आजचं नाही, बऱ्याच महिन्यांचं आहे, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

"रोज बघत होतो," दादा म्हणाला.

"मग?"

"दुरुस्त करत होतो."

म्हणजे कसलं औषध देत होतात, असं त्यांनी विचारलं. दादाने लाल रंगाचं आणि घरांचं सगळं नीट सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या कागदावर याला रकाना नव्हता, म्हणून काही लिहिलं नाही.

वहिनीला दवाखान्यात ठेवलं, रक्त चढवलं. ते चढायला लागल्यावर दादा खाटेशेजारी बसून नळीकडे बघत होता. वहिनीने त्याला विचारलं, रंग बरोबर आहे ना, नाहीतर बोलवा कुणाला तरी. दादाला हसता आलं नाही. तिने मग तो विषय सोडला आणि वाटाणे परातीत तसेच राहिले असतील म्हणून धाकट्याला फोन करायला लावला.

दुसऱ्या दिवशी पोटात कॅमेरा घालून बघायचं ठरलं. पोटात काय निघेल हे डॉक्टरीणबाई आधी सांगायला तयार नव्हत्या. साधी जखम असेल, नसेलही. दादा बाहेर बाकावर बसला, शेजारी धाकटा. धाकट्याने पहिल्यांदाच कॅमेऱ्याविषयी बोलायचं टाळलं. तो फक्त एवढंच म्हणाला, की मला कापाकापी करताना दिसायला हवं होतं, एवढी लाल माणसं. दादा म्हणाला, तुला दिसलं होतं, मीच हात लावू दिला नाही. मग दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसले. ती पांढरी होती.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दादाला आत बोलावून पडद्यावर चित्रण दाखवलं. गुलाबी, ओलसर बोगदा, वळणं, आणि एका वळणावर एक ठिपका. त्यातून बारीक रक्त झिरपत होतं. दादाच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादा लाल कमी असता तर बरं असं वाटलं. त्याने विचारलं, की या कॅमेऱ्याचा रंग तुम्ही कशावर लावता.

"लावत नाही," त्या म्हणाल्या. "आला तसा ठेवतो. आम्हाला तो बरा दिसायला नको असतो."

ठिपका म्हणजे गोळ्यांनी पाडलेली जखमच निघाली. तिचा एक कण तपासायला गेला होता, त्याचाही अहवाल चांगला आला. अजून काही आठवडे असंच चाललं असतं, तर आम्हाला तुमची भेट वेगळ्या खोलीत घ्यावी लागली असती, असं डॉक्टरीणबाईंनी दादाला जाताना सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण बहुधा त्यांना तो रकाना कुठेतरी भरायचा होता.

वहिनी घरी आली ती लोहाच्या गोळ्या आणि पथ्याचा कागद घेऊन. कमरेच्या गोळ्या धाकट्याने आधीच शोधून फेकल्या होत्या. त्या शोधताना त्याला त्या चहाच्या डब्यात, फोनच्या खाली आणि ट्रायपॉडच्या पिशवीतही सापडल्या. दादाने सासऱ्याचं सगळं सेटिंग पुसून कारखान्यातलं परत आणलं आणि तक्त्यावर जुळवलं. मेन्यूतला लाल ज्या बटणाने वर-खाली व्हायचा, त्यावर धाकट्याने काळी चिकटपट्टी लावली. दादाने ती लावू दिली. जावई विक्रेत्याकडे परत जायला निघाला तेव्हा दादानेच त्याला थांबवलं. वाद संपला होता, आणि तसंही अध्यक्षांनी त्याला शब्द देऊन ठेवला होता.

मंडळाचं चित्रण नव्याने झालं. वक्ते तेच, भाषणं तीच, चेहरे आपापल्या रंगाचे. चित्रफीत पोचून आठवडा झाला नाही तोच अध्यक्षांचा फोन. सगळं उत्तम आहे, फक्त खजिनदारांच्या घरचे म्हणतात की ते फार पडलेले दिसतायत. मागच्या वेळचं तेज थोडं आणता येईल का, अगदी थोडं? फोन दादाने घेतला होता, कारण वहिनीला अजून कामाला लावायचं नव्हतं.

"त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवा," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.

खुर्ची मात्र होती तिथेच राहिली. वहिनीला त्या खिडकीत बसायची सवय झाली होती. कामाआधी तक्ता धरायला कुणीतरी लागायचं, आणि ते तिनेच धरायचं असा तिचा हट्ट होता. खिडकीत तक्त्याच्या जागी आता जावयाची पुस्तिका खोचलेली होती. तिच्यामुळे खडखड कायमची थांबली. तिचा एवढा उपयोग होईल असं विक्रेत्यालाही वाटलं नसेल.

पहिल्या दिवशी ती बसली तेव्हा मॉनिटरवर चौकोन चोख आले आणि त्यांच्यावर तिचा चेहरा आला, पांढुरका. दादाचं बोट सवयीने बटणाकडे गेलं, चिकटपट्टीला लागलं आणि तिथेच राहिलं.

"कशी दिसतेय?" तिने विचारलं.

दादाने बोट मागे घेतलं. "फिकी."

"किती?"

"चार घरं. साडेचार."

ती वाटाणे सोलत राहिली. पण संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा, आपण सध्या साडेचार घरं फिक्या आहोत, हे वहिनीने तिला जरा ऐटीतच सांगितलं. पुढच्या वेळी दादाने चार सांगितली. मग साडेतीन. बटणाला हात न लावता लाल वर चढताना त्याने कधी बघितला नव्हता. तो फार सावकाश चढतो. काही वेळा एखादं अर्धं घर खालीही येतो, आणि तेव्हा दादा दिवसभर कुणाशी नीट बोलायचा नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. एका सकाळी काम नव्हतं. वहिनी खिडकीत बसून वाटाणे सोलत होती. जिना चढून आली होती, मधल्या वळणावर न थांबता, त्यामुळे शेजारीण रागावली होती. आत येता येता दादा तिच्यासमोर उभा राहिला. हातात कॅमेरा नव्हता, मॉनिटर बंद. तो तसाच उभा राहिला, बराच वेळ. ऊन तिच्या गालावर होतं. कानाच्या पाळीत, जिथे ऊन आरपार जातं तिथे, लाल होता. ओठांना कड होती.

वहिनीने मान वर केली.

"कॅमेरा कुठाय?"

"पिशवीत."

"मग बघताय काय?"

"बघतोय."

तिने एक शेंग उचलली, फोडली, दाणे परातीत टाकले.

"मग जरा बाजूला सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."